रिमोट डेस्कटॉपवर अक्षरं मुंगीएवढी किंवा पुसट दिसत असतील, तर आधी मोठं कोण करतंय ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेत हिशेबाचं काम पाहणाऱ्या ताईंनी नवा लॅपटॉप घेतला. १४ इंची पडदा, २८८० बाय १८०० रिझोल्युशन, विंडोज ११, स्केल २०० टक्के. दिवसा त्या ऑफिसातल्या २४ इंची साध्या फुल एचडी मॉनिटरवर ऑफिसच्या सर्व्हरला जोडून काम करतात, संध्याकाळी घरून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दूरच्या मशीनचा पडदा आपल्या पडद्यावर आणून काम करू देणाऱ्या विंडोजच्या सोयीने, त्याच सर्व्हरला जोडतात. सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१९ आहे. शिवाय जुन्या वर्षांचा डेटा एका विंडोज ७ च्या मशीनवर पडून आहे, त्यालाही कधी कधी जोडावं लागतं. तक्रारी तीन: सर्व्हरवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर घरून पुसट दिसतं, जुन्या मशीनवर सगळंच इतकं बारीक दिसतं की पाच मिनिटांत डोकं धरतं, आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर व्हाउचरच्या फॉर्मचं खालचं 'सेव्ह' बटणच दिसत नाही. घरच्यांनी सुचवलेला उपाय असा की लॅपटॉपचं रिझोल्युशन १३६६ बाय ७६८ करून टाक.

ताई, तो उपाय करू नका. अक्षर मोठं होईल, पण पडद्यावरचा एकूण एक भाग पुसट होईल, आणि ते फक्त रिमोटपुरतं राहणार नाही. दिवसभर आकडे वाचणाऱ्या माणसाने पुसट आकडे वाचू नयेत असं माझं ठाम मत आहे. ३ आणि ८ मध्ये, १ आणि ७ मध्ये गफलत होते ती अशाच पडद्यांवर. तुमच्या तिन्ही तक्रारींवर चांगले उपाय आहेत. मात्र त्या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, म्हणून एकच जादूचं बटण शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

आधी हे असं का होतं, ते बघू. विंडोजचं मूळ गणित एका इंचाला ९६ ठिपके असं आहे. इंचातल्या ठिपक्यांच्या या मापालाच डीपीआय म्हणतात. स्केल १०० टक्के म्हणजे ९६, १२५ म्हणजे १२०, १५० म्हणजे १४४ आणि २०० म्हणजे १९२. तुमच्या ऑफिसच्या २४ इंची मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ ठिपके मावतात, म्हणजे गणिताच्या जवळपास. नव्या लॅपटॉपवर एका इंचात २४३ ठिपके आहेत. १६ ठिपके उंचीचं एखादं चिन्ह ऑफिसात साडेचार मिलिमीटरच्या आसपास दिसतं, तेच तुमच्या लॅपटॉपवर जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. म्हणून तुमचं विंडोज सगळं दुप्पट करून दाखवतं. लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे इतकं बिनबोभाट होतं की आपल्याला पत्ताही लागत नाही.

रिमोट डेस्कटॉपमध्ये मात्र हे दुप्पट करण्याचं काम करू शकणारे तिघे असतात. एक, तुमच्या समोरचं विंडोज. दोन, पलीकडचं विंडोज. तीन, पलीकडे चालणारं सॉफ्टवेअर स्वतः. तिघांपैकी कुणीच मोठं केलं नाही तर अक्षरं मुंगीएवढी होतात. चुकीच्या माणसाने मोठं केलं तर अक्षरं पुसट होतात, कारण तो अक्षर नव्याने काढत नाही, तयार चित्र ताणतो. दोघांनी मोठं केलं तर पडद्यावर फॉर्म मावत नाही. एकानेच करावं, आणि होता होईल तो त्या सॉफ्टवेअरने किंवा पलीकडच्या विंडोजने करावं, कारण अक्षर मुळात काढलं जातं ते तिथेच. मी गेली अनेक वर्षं हे काम करतोय. डीपीआयची कुठलीही तक्रार आली की माझा पहिला प्रश्न हाच असतो: इथे मोठं कोण करतंय?

ते ओळखायची एक चाचणी सांगतो, ती आज संध्याकाळीच करून बघा. रिमोट सेशन, म्हणजे पलीकडच्या मशीनवर तुमच्यासाठी उघडलेला डेस्कटॉप, पूर्ण पडद्यावर घ्या. पुसट दिसणारा फॉर्म समोर ठेवा आणि प्रिंट स्क्रीन दाबा. मग सेशनच्या आतलंच पेंट उघडून तिथे पेस्ट करा आणि ८०० टक्क्यांपर्यंत मोठं करा. आता एकच अक्षर बघा, समजा 'क' ची उभी दांडी. दांडीची कड एका ठिपक्यात संपत असेल, फार तर शेजारच्या एखाद्या ठिपक्याला हलकी रंगछटा असेल, तर पलीकडे अक्षर स्वच्छ काढलं जातंय आणि गडबड वाटेत किंवा तुमच्या बाजूला होतेय. पण दांडीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, तीन-तीन ठिपके करड्या धुक्यासारखे पसरलेले दिसले, तर चित्र सर्व्हरवरच ताणलं गेलंय. मग तुमच्या लॅपटॉपवरची कुठलीही सेटिंग बदलून उपयोग नाही. या दोन मिनिटांच्या चाचणीने माझे कितीतरी तास वाचले आहेत.

तुमच्या पहिल्या तक्रारीत, माझा अंदाज असा, धुकं दिसेल. त्याचं कारण सांगतो.

२०१३ साली विंडोज ८.१ आणि सर्व्हर २०१२ आर२ बरोबर रिमोट डेस्कटॉपच्या प्रोटोकॉलची, म्हणजे दोन मशीनमधल्या संवादाच्या नियमांची, ८.१ ही आवृत्ती आली. तेव्हापासून जोडणी करताना तुमचा लॅपटॉप पलीकडे फक्त रिझोल्युशन कळवत नाही, 'माझं स्केल २०० टक्के आहे' हेही कळवतो. पलीकडचं विंडोज त्याप्रमाणे सेशन मोठं करतं. म्हणूनच सेशनच्या आत सेटिंग्जमध्ये जाऊन स्केल बदलायला गेलात तर तो पर्याय बंद दिसतो आणि रिमोट सेशनमधून डिस्प्ले सेटिंग्ज बदलता येत नाहीत असा संदेश येतो. पुष्कळ लोक इथे अडकतात आणि सर्व्हर बिघडला असं समजतात. बिघडलेलं काही नसतं. तो आकडा तुमच्या लॅपटॉपकडून येतो, म्हणून तो लॅपटॉपवरच बदलायचा: सेशन बंद, लॅपटॉपचं स्केल बदल, पुन्हा जोडणी.

पण सेशनचं स्केल २०० झालं म्हणून त्यातलं प्रत्येक सॉफ्टवेअर शहाणं होत नाही. जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये किंवा डेल्फीमध्ये लिहिलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर आजही ९६ ठिपक्यांच्या जगात राहतं. ते विंडोजला सांगतं, 'मला स्केल वगैरे काही कळत नाही.' मग विंडोज त्याला १०० टक्क्यांवर काढू देतं आणि तयार चित्र दुप्पट ताणतं. ते धुकं इथून येतं. दुसरा प्रकार असा की सॉफ्टवेअरला स्केल कळतं, पण सुरू होतानाचंच. तुम्ही ते सकाळी ऑफिसात १०० टक्क्यांच्या मॉनिटरवर उघडलं, संध्याकाळी निघताना खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली आणि घरी जाऊन पुन्हा जोडलंत. फुली दाबल्याने सेशन संपत नाही, नुसतं तुटतं. सॉफ्टवेअर सर्व्हरवर तसंच चालू राहतं आणि सकाळचंच माप धरून बसतं. घरी २०० टक्क्यांचा पडदा आला की विंडोज पुन्हा त्याचं चित्र ताणतं.

त्यामुळे पहिला उपाय फुकटचा आहे. ऑफिसातून निघताना व्हाउचर सेव्ह करा, सॉफ्टवेअर बंद करा आणि स्टार्ट मेनूतून साइन आउट करा. घरी जोडाल तेव्हा नवं सेशन नव्या मापाने सुरू होईल. सर्व्हर २०१२ आर२ असेल तिथे तर याला पर्यायच नाही, कारण तिथे सेशनचं माप लॉगिनच्या क्षणी ठरतं आणि साइन आउट होईपर्यंत हलत नाही. तुमच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांना सांगून तुटलेली सेशन ठराविक तासांनी आपोआप संपवण्याची ग्रुप पॉलिसीही (सगळ्यांना एकदम लागू होणारा सर्व्हरवरचा नियम) लावता येते. पण हिशेबाच्या सर्व्हरवर ती मी जपून लावतो. कुणी अर्धवट व्हाउचर ठेवून जेवायला गेलं आणि जोडणी तुटली, तर तासाभरात त्याचं काम जायला नको. रात्रभराची मुदत ठेवली की दोन्ही साधतं.

साइन आउट करूनही पुसटच दिसलं, तर तुमचं सॉफ्टवेअर पहिल्या प्रकारातलं आहे. खात्री करायची असेल तर सर्व्हरवर टास्क मॅनेजर उघडा, 'डिटेल्स' टॅबवर जा, रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स' घ्या आणि 'डीपीआय अवेअरनेस' वर खूण करा. हा रकाना विंडोज १० च्या २०१८ अखेरच्या आवृत्तीपासून आहे, म्हणून सर्व्हर २०१९ वर तो मिळतो. तिथे तुमच्या सॉफ्टवेअरसमोर 'अनअवेअर' दिसलं की निदान पक्कं.

त्यावरचा उपाय असा. सर्व्हरवर त्या सॉफ्टवेअरच्या मूळ फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'कम्पॅटिबिलिटी' टॅब, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. खालच्या भागात स्केलिंग कुणी करायचं ते ठरवणारा चौकोन आहे. त्यावर खूण करून यादीतून 'सिस्टिम एन्हान्स्ड' निवडा, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून आलेली ही सोय आहे. यात विंडोज तयार चित्र ताणत नाही. जुनं सॉफ्टवेअर 'इथे हे अक्षर काढ' अशी जी आज्ञा देतं, ती आज्ञाच मोठ्या मापाने अमलात आणतं. जुन्या पद्धतीने चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर याचा परिणाम पाहण्यासारखा असतो. ज्या खातेवहीत आकडे धुक्यात होते तिथे ते छापल्यासारखे उठून दिसतात. चिन्हं आणि बोधचित्रं थोडी मऊ राहतात, ती राहू द्या. मात्र ग्राफिक्स कार्डावर स्वतःचं चित्र काढणाऱ्या आधुनिक सॉफ्टवेअरवर ही सोय चालत नाही. आणि एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये याने रकान्यांच्या रेषा सरकल्या किंवा मजकूर चौकटीबाहेर गेला, तर निमूटपणे खूण काढून टाका.

त्याच यादीतला 'ॲप्लिकेशन' हा पर्याय मात्र सहसा निवडू नका. त्याचा अर्थ 'विंडोजने हात लावू नये, सॉफ्टवेअर बघून घेईल' असा होतो. जुनं सॉफ्टवेअर काहीच बघून घेत नाही, आणि पुसट पण वाचता येणारं अक्षर थेट मुंगीएवढं होतं. इथे-तिथे हाच पर्याय पहिला उपाय म्हणून सुचवलेला दिसतो, आणि तो करून आणखी वैतागलेले बरेच लोक माझ्याकडे येतात.

आता जुनं विंडोज ७ चं मशीन. इथे गोष्ट अगदी उलट आहे. तुमचा लॅपटॉप २०० टक्क्यांचा निरोप पाठवतो, पण पलीकडे तो समजणारं कुणी नाही. ते मशीन तुम्हाला २८८० बाय १८०० चा डेस्कटॉप १०० टक्क्यांवर काढून देतं. सर्व्हर २००८ आर२ वरही हेच. मोठं कुणीच करत नाही. पलीकडचा माणूस करणार नाही, तेव्हा हे काम आपल्याच बाजूला करायला हवं. करायचं तर नीट करू.

रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत 'शो ऑप्शन्स' उघडून 'डिस्प्ले' टॅबवर सरकपट्टीने रिझोल्युशन १४४० बाय ९०० करा. तुमच्या पडद्याच्या बरोबर निम्मं. पट्टीत हा आकडा मिळाला नाही तर जोडणी फाइलमध्ये सेव्ह करा आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. ती साधी मजकुराची फाइल असते, तिच्यात रुंदी आणि उंचीच्या दोन ओळी सापडतील. जोडणी झाली की खिडकीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करा. मेनूत 'झूम' आहे, तिथे २०० टक्के निवडा. आता पलीकडचा प्रत्येक ठिपका तुमच्याकडे दोन बाय दोनचा होतो. अक्षर जुन्या मॉनिटरवर दिसायचं तसं दिसेल. नव्या पडद्याची झळाळी त्याला येणार नाही, पण वाचताना डोळ्यांवर ताण येणार नाही.

त्याच मेनूत 'स्मार्ट सायझिंग' नावाचा पर्याय आहे. तो सेशनचं चित्र खिडकीच्या मापात बसवतो. कामापुरतं ठीक, पण त्यात प्रमाण कसंही येतं: १.३७ पट, ०.८४ पट. एक ठिपका सव्वा ठिपक्यावर पसरवायचा म्हटलं की कड बिघडणारच. अक्षरं वाचायची असतील तर प्रमाण पूर्णांकात ठेवा. नुसतं एका कोपऱ्यात पलीकडच्या मशीनवर लक्ष ठेवायचं असेल तर स्मार्ट सायझिंग खुशाल वापरा.

आणखी एक गोष्ट तपासा. तुम्ही लिहिलंय की जोडणीची फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्यांनी फार पूर्वी करून दिली होती आणि तुम्ही तीच कॉपी करून नव्या लॅपटॉपवर आणली. त्या फाइलीत जुन्या मॉनिटरचं रिझोल्युशन आणि स्मार्ट सायझिंग दोन्ही बसलेलं असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर सर्व्हर २०१९ कितीही शहाणा असला तरी तुम्ही त्याच्याकडे जुन्या मापाचंच चित्र मागताय आणि घरी ताणून बघताय. पेंटच्या चाचणीत अक्षर स्वच्छ आणि डोळ्यांना मात्र पुसट, असा निकाल आला तर पहिला संशय या फाइलवर घ्या. सर्व्हरसाठी नवी जोडणी करा, सरकपट्टी शेवटच्या टोकाला 'फुल स्क्रीन' वर न्या, वेगळ्या नावाने सेव्ह करा. जुन्या मशीनसाठी दुसरी फाइल ठेवा. दोन मशीनच्या गरजा वेगळ्या असताना एकच फाइल दोन्हीकडे वापरू नका.

विंडोज ७ च्या त्या मशीनबद्दल एवढं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याचे सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. सभासदांच्या ठेवींचा डेटा असलेलं असं मशीन थेट इंटरनेटवर उघडं ठेवून रिमोट डेस्कटॉपने जोडत असाल, तर अक्षरांच्या आकाराआधी तो प्रश्न सोडवा. ऑफिसच्या व्हीपीएनमधूनच, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित खाजगी वाटेनेच, त्याला जोडा, आणि डेटा लवकरात लवकर नव्या सर्व्हरवर हलवायला सांगा.

या बारीक अक्षरांवर एक जुना तोडगा अजून फिरतो, तो ओळखून असा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत, एक नोंद करायची आणि विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये रिमोट डेस्कटॉपसाठी मॅनिफेस्ट नावाची छोटी फाइल ठेवायची. त्या फाइलीत 'या प्रोग्रामला डीपीआय कळत नाही' असं खोटं लिहिलेलं असतं. मग विंडोज रिमोट डेस्कटॉपची अख्खी खिडकीच ताणतं. जुने सर्व्हर होते तोवर तोडगा चालायचा. एका कार्यालयात मी तो वीस मशीनवर बसवला होता. दीड वर्षाने तिथला सर्व्हर नवा झाला आणि सगळ्यांच्या तक्रारी आल्या: नवा सर्व्हर आणला आणि अक्षरं खराब झाली. मी दोन दिवस सर्व्हरवरच शोधत होतो. सर्व्हर बिचारा स्वच्छ चित्र पाठवायला तयार होता, पण प्रत्येक मशीनवरची माझीच फाइल त्याला १०० टक्के सांगत होती. त्यानंतर मी हा तोडगा कुणालाही सांगत नाही. तुमच्याकडे कुणी तो करून ठेवला असेल तर सिस्टिम फोल्डरमधली ती मॅनिफेस्ट फाइल आणि रजिस्ट्रीतली नोंद दोन्ही काढून टाकायला सांगा.

सहकाऱ्याच्या 'सेव्ह' बटणाचं गणित सोपं आहे. त्यांचा लॅपटॉप १४ इंची फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०, आणि स्केल १५० टक्के. १०८० ला दीडने भागलं की ७२० उरतात. सर्व्हरच्या टास्कबारचे ४० वजा केले की ६८०. तुमच्या सॉफ्टवेअरचा फॉर्म ज्या काळात बनला तेव्हा १०२४ बाय ७६८ चे मॉनिटर होते, आणि बनवणाऱ्याने बटण अगदी तळाला ठेवलं. ६८० मध्ये ७६८ कसे मावणार? त्यांना लॅपटॉपचं स्केल १२५ करून पुन्हा नव्याने साइन इन करायला सांगा. मग उंची ८६४ होते आणि फॉर्म टास्कबारसकट बसतो. तोवर अडलेलं काम उरकायचं असेल तर सेशन पूर्ण पडद्यावर असताना आल्ट आणि स्पेस, मग एम दाबून बाणाच्या कळांनी खिडकी वर सरकवता येते. तुमच्या पडद्यावर २०० टक्क्यांना १४४० बाय ९०० एवढी जागा उरते, म्हणून तुम्हाला ही अडचण आली नाही.

१२५ टक्क्यांवर त्यांना अक्षर बारीक वाटलं तर? मग दुसरा मार्ग निवडायचा: स्केल १२५ ठेवून सॉफ्टवेअरमध्ये अक्षराचा आकार बदलायची सोय असेल तर तिथे फक्त खातेवहीचा मजकूर मोठा करायचा. पण ही सोय आधी वापरलेली असेल आणि वर सेशनचं स्केलही वाढवलं, तर तिघांपैकी दोघे एकाच वेळी मोठं करतात. 'रिमोटमध्ये सगळंच अवाढव्य दिसतं' ही तक्रार बहुतेक वेळा इथून निघते. ब्राउझरमध्येही तेच. सर्व्हरवरच्या ब्राउझरचं झूम कुणी वाढवून ठेवलेलं असतं, ते कंट्रोल आणि शून्य दाबून मूळ जागी आणा.

सगळ्यांची अक्षरं वेगवेगळ्या लॅपटॉपमुळे बिघडतायत असं झालं तर सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे एक कडक उपाय असतो. सर्व्हरच्या रजिस्ट्रीत 'इग्नोर क्लायंट डेस्कटॉप स्केल फॅक्टर' ही नोंद १ केली की सर्व्हर लॅपटॉपचं स्केल ऐकणंच बंद करतो. मी ती शेवटचा उपाय म्हणून ठेवतो. तिने जुन्या सॉफ्टवेअरचे फॉर्म मावतात खरे, पण तुमच्यासारख्या बारीक ठिपक्यांच्या पडद्याला सर्व्हर पुन्हा विंडोज ७ सारखा होऊन बसतो.

आता एक असा पुसटपणा, ज्याचा स्केलशी काही संबंध नाही. तुमच्या पत्रात एक ओळ आहे: 'काळे आकडे बरे दिसतात, पण लाल आकडे फारच फरफटलेले.' हे वाचून बरं वाटलं, कारण इतक्या नेमकेपणाने कुणी सांगत नाही. सर्व्हर चित्र पाठवताना ते व्हिडिओसारखं दाबून पाठवत असेल तर उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक ठिपक्याची जाते, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकच जाते. सिनेमात हे कळत नाही. पांढऱ्या कागदावर लाल रंगातली येणे-बाकी मात्र लगेच उघडी पडते, कारण तिथे अक्षराची कड म्हणजेच रंगाची कड. विंडोज १० आणि सर्व्हर २०१६ पासून यावर सोय आहे. सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसीत रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, सेशन होस्ट, मग 'रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंट' इथे एव्हीसी ४४४ ला प्राधान्य देणारी पॉलिसी आहे. ती सुरू केली की रंगही ठिपक्याठिपक्याचा येतो. याने सर्व्हरच्या प्रोसेसरवर आणि तुमच्या इंटरनेटवर जास्त भार पडतो, म्हणून वीस-पंचवीस जणांच्या सर्व्हरवर एकदम न लावता एखादा आठवडा बघून घ्यायला सांगा.

इंटरनेट मुळातच मंद असेल तर हेही ध्यानात घ्या की फुल एचडी पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात, तुमच्या लॅपटॉपवर ५१ लाख ८४ हजार. अडीचपट चित्र वाहून आणायचं आहे. पान बदललं की आधी धूसर दिसून मग क्षणाने स्वच्छ होत असेल तर तो दोष वाहतुकीचा आहे. तिथे 'एक्सपीरियन्स' टॅबवर पार्श्वचित्र आणि ॲनिमेशनच्या खुणा काढा, पण 'फॉन्ट स्मूदिंग' ची खूण काढू नका. कमी वेगाची जोडणी निवडली की ती खूण आपोआप निघालेली सापडते. इंग्रजी आकडे त्याशिवायही चालून जातात, पण सभासदांची नावं मराठीत असतील तर मंगल किंवा निर्मला फॉन्टमधले रफार आणि मात्रा पायरीपायरीच्या दिसतात. 'कुर्डे' आणि 'कुडे' एका नजरेत ओळखता आले पाहिजेत.

घरी टेबलावर दुसरा मॉनिटर जोडायचा विचार आहे असंही तुम्ही लिहिलंय. लॅपटॉप २०० टक्के आणि बाहेरचा फुल एचडी मॉनिटर १०० टक्के अशी जोडी असेल, तर दोन्ही पडदे सेशनला देण्याआधी कोणत्या पडद्यावर हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडणार ते ठरवा आणि लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये तोच पडदा मुख्य करा. ज्या सॉफ्टवेअरला एकच माप कळतं ते साइन इनच्या वेळच्या मुख्य पडद्याचं माप धरतं. दुसऱ्या पडद्यावर सरकवलं की पुन्हा ताणलेलं चित्र. तुमच्या जागी मी असतो तर सेशन एकाच पडद्यावर ठेवलं असतं, आणि तेही नव्या लॅपटॉपच्या, कारण अक्षर तिथे सर्वांत स्वच्छ उमटतं. बाहेरच्या मॉनिटरवर मेल आणि बँकेची पानं लॅपटॉपच्याच ब्राउझरमध्ये ठेवावीत.

तुमच्या अध्यक्षांकडे मॅक आहे आणि त्यांनाही हाच त्रास होतो, त्यांच्यासाठी दोन ओळी. मॅकवरचं रिमोट डेस्कटॉपचं ॲप २०२४ पासून 'विंडोज ॲप' या नावाने मिळतं. त्यात त्या जोडणीच्या डिस्प्ले टॅबवर रेटिना पडद्यासाठी चित्र अनुकूल करण्याचा एक पर्याय आहे. त्यावर खूण नसेल तर अक्षरं पुसट येतात. खूण करा, सर्व्हरवरून साइन आउट करा, पुन्हा जोडा. त्यांच्या सेशनमध्येही हिशेबाचं सॉफ्टवेअर तेवढं पुसट राहिलं तर सर्व्हरवरचा तोच 'सिस्टिम एन्हान्स्ड' उपाय त्यांना लागू पडेल, आणि तो मूळ फाइलवर 'चेंज सेटिंग्ज फॉर ऑल यूजर्स' मधून केला असेल तर वेगळा करावाही लागणार नाही.

आज फक्त दोन गोष्टी करा: ऑफिसातून निघताना साइन आउट, आणि घरून नव्या फाइलने जोडणी. मग पेंटमध्ये 'क' ची दांडी बघा, आणि टास्क मॅनेजरच्या त्या रकान्यात तुमच्या सॉफ्टवेअरसमोर कोणता शब्द आहे तो मला कळवा.